पक्की बांधणी

"काय देखणं काम आहे हो! कुणी केलं हे?" स्पर्धेच्या कचेरीतल्या बाईंनी पुस्तक उलटंपालटं करत विचारलं.

बाइंडर सुखावला. उभा जन्म खळ आणि दोऱ्यात गेला, पण त्याच्या कामाला देखणं म्हणणारं माणूस विरळाच. लोक पुस्तक घेतात, पैसे टेकवतात आणि चालू लागतात.

"मीच केलं," तो म्हणाला. "कादंबरी मात्र आमच्या मंडळींची."

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

ज्यांचं एकही पुस्तक छापून आलेलं नाही, त्यांच्या पहिल्यावहिल्या कादंबरीसाठी ही स्पर्धा होती. निकाल गेल्या आठवड्यात लागला. बक्षिसं तिघांना होती, आणि 'उल्लेखनीय' म्हणून आणखी वीस नावं छापली होती. बायकोचं नाव त्यातही नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं कच्च्या लिखाणाचा सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला. "आपली पायरी ओळखून राहावं माणसानं," एवढंच म्हणाली. आता ती कादंबरी या एका पुस्तकातच उरली होती, म्हणून बाइंडर तिला न सांगता परत आणायला आला होता.

बाईंनी ते काढलं होतं ते कपाटातून नव्हे, टेबलाखालच्या खोक्यातून. खोक्यावर 'बाद' असं लिहिलेलं होतं.

"बाद म्हणजे?" त्यानं विचारलं.

"यातलं परीक्षकांकडे काही गेलंच नाही. अहो, लेखकाचं नाव कुठेही नको होतं. कुणाचं लिखाण ते परीक्षकांना कळू नये म्हणून. आणि पानं सुटी हवी होती, तिघांसाठी प्रती काढायच्या असतात. हे मशिनवर कसं घालणार?"

पुस्तकाच्या पाठीवर बायकोचं नाव सोनेरी अक्षरांत झळकत होतं. बाइंडरनंच ते एकेक अक्षर तापवून उठवलं होतं.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

बाईंनी पुठ्ठा उघडला. पहिलंच पान स्पर्धेच्या नियमांचं होतं. बायकोनं गठ्ठ्यावर ठेवून दिलेलं ते पान त्यानं इतर पानांबरोबर कडा छाटून, नीट टाके घालून पुस्तकात शिवून टाकलं होतं.

"आम्ही तेव्हा हसलो होतो," बाई म्हणाल्या आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "चुकलंच आमचं."

"आत्ता सोडवून देतो की! सुरी आहे का? दोरा कापला की पानं सुटी."

"निकाल लागला हो."

"मग पुढच्या वर्षी?"

"एकदा आलेली कादंबरी पुन्हा घेत नाहीत." बाईंनी बोटानं नियमही दाखवला. तोही त्याच पानावर होता.

घरी येताना पुस्तक काखेत जड झालं. बायको इस्पितळात आया. लोकांची अंथरुणं बदलून, भांडी धुऊन आली की दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि लिहायची. असं नऊ वर्षं चाललं होतं. शेवटी पदरमोड करून तिनं ते टाइप करून घेतलं आणि गठ्ठा त्याच्या हातात दिला. "एवढं पाठवून द्या," ती म्हणाली होती. नुसतं पाठवायचं? बाइंडरच्या बायकोची कादंबरी सुतळीनं बांधून? लोक शेण घालतील तोंडात! दुकानातलं सगळ्यात भारी लाल कापड काढून चार दिवस तो त्याच कामाला बसला. इतकं मन लावून त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं.

न सांगितलं तरी चालणार होतं. निकालाचं दुःख ती गिळून बसली होतीच. पण मग आपलं लिखाणच टाकाऊ, असं ती मरेपर्यंत धरून चालली असती. आणि सांगितलं, तर नवऱ्यानंच घात केला हे कळणार होतं. जिना चढेपर्यंत त्याचं ठरत नव्हतं. दारात तिला पाहिलं आणि त्याला गप्प राहवेना.

ती रात्रपाळीसाठी गणवेशाला इस्त्री करत होती.

"तुझी कादंबरी कुणी वाचलीच नाही," तो म्हणाला.

"आवडली नाही, असं म्हणा ना सरळ."

"उघडलीच नाही कुणी. माझ्यामुळे."

त्यानं सगळं सांगितलं. तिनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग पुस्तक मांडीवर घेऊन बसली. तिची जीभ धारदार, शेजारीपाजारीही टरकून असायचे. आता ती बरसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"नियमसुद्धा शिवलेत?" तिनं विचारलं.

"हो."

"धन्य आहे तुमची!" ती चक्क हसली. "म्हणजे वाईट होती म्हणून नाही काढली."

"नाही गं. मुळीच नाही."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. आठवडाभरात पहिल्यांदाच. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे चार दिवस होती. तुम्ही तरी वाचलीत ना?"

वाचणं गिऱ्हाइकाचं काम, बांधणं आपलं, हे तो तरुणपणीच शिकला होता. वाचत बसला तर बाइंडरची चूल कशी पेटणार? पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"पानं मोजली," तो म्हणाला. "एकही मागंपुढं होऊ दिलं नाही."

"मोजलीत."

"आज वाचतो. रात्रभर बसतो."

"नको," ती म्हणाली. "आता वाचाल ती चुकीची भरपाई म्हणून. तशी नको मला."

पुस्तक टेबलावर ठेवून ती कामावर गेली.

तो पुस्तकासमोर बसून राहिला. दोन-तीनदा हात पुढे गेला आणि मागे आला. एकदा सांगितलेलं ऐकलं नाही, त्याचं हे असं झालं. आता निदान तिचा शब्द तरी मोडायचा नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. मग तो आडवा झाला, पण झोप काही धड लागली नाही.

सकाळी ती आली. चपला काढायच्या आधीच तिनं टेबलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वाचलीत?"

"छे! तू नको म्हणालीस ना. बोटसुद्धा लावलं नाही," तो ठासून म्हणाला.

"बरं केलंत."

ते ज्या आवाजात आलं, त्यावरून ती रात्रभर काय आस धरून होती ते त्याला आता कळलं.

वरच्या फळीवर, दुकानातून घरी आणून ठेवलेली, गिऱ्हाइकं न्यायलाच आली नाहीत अशी पुस्तकं ओळीनं उभी होती. बायकोनं स्टूल ओढलं, त्यावर चढून दोन पुस्तकं हातानं बाजूला सारली आणि मधल्या जागेत आपलं पुस्तक सरकवलं. नाव भिंतीकडे करून. मग ती खाली उतरली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.