पुठ्ठ्याआडचे प्रश्न

समोरच्या पडद्यावरचं वर्तुळ फिरायचं थांबेना, तेव्हा मंजुश्रीने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या मुलाचं तेच, पुढच्या रांगेतल्या बाईंचंही तेच. अकरा वाजून गेले होते आणि प्रयोगशाळेतल्या एकाही संगणकावर प्रश्नपत्रिका उघडली नव्हती. पलीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या वीरेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "सर्व्हर," असं तो नुसत्या ओठांनी म्हणाला. तिने मान हलवली.

नांदेडबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाच्या या तंत्रज्ञान विभागात ती दोघं प्रोग्रामर होती, पण कंत्राटी. प्रवेश, निकाल, वसतिगृह, सगळ्याची सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलेली. आणि दर अकरा महिन्यांनी नव्या आदेशाची वाट बघत घरी बसायचं तेही त्यांनीच. यंदा पहिल्यांदा प्रोग्रामरची कायम जागा निघाली होती. एकच. दोघांनी अर्ज भरले, आणि तेव्हापासून डबा एकत्र खाताना परीक्षेचं नाव कोणी काढलं नव्हतं.

दार ढकलून विभागप्रमुख वडजे सर आत आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि मंजुश्रीजवळ येऊन, खाली वाकून म्हणाले, "मॅडम, जरा या. लॉगिनचा भाग तुमचा आहे. एजन्सीवाल्याला काही कळेना."

"सर, मी परीक्षेला बसले आहे."

"परीक्षा झाली तर बसाल ना. रद्द झाली तर ही जागा पुन्हा निघत नसते. या."

ती उठली. सगळी प्रयोगशाळा तिच्याकडे बघत होती. उदगीरकडचा एक उमेदवार जरा मोठ्यानेच म्हणाला, की यांना कुठं घेऊन निघाले? वडजे सरांनी तांत्रिक अडचण एवढंच सांगितलं आणि दार लावून घेतलं.

सर्व्हरच्या खोलीत एजन्सीचा माणूस फोन कानाला लावून घिरट्या घालत होता. तिला पाहताच त्याने खुर्ची रिकामी केली आणि रेंज येत नाही म्हणून बाहेर गेला. त्याच्यामागे सरही गेले. मंजुश्री बसली, आणि बसल्याक्षणी तिने मान खाली घातली. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात प्रश्नपत्रिका उघडी होती, उत्तरांसकट. खालच्या अर्ध्या भागात सर्व्हरचे संदेश एकामागून एक येत होते. बिघाड कळायला ते संदेश वाचावे लागणार होते, आणि ती खिडकी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची. बंद केली तर काय होईल याची खात्री नव्हती.

टेबलावर एक जुनी फाइल आणि चिकटपट्टी पडली होती. तिने तिचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडलं आणि डोळे कीबोर्डवर ठेवून, चाचपत, चिकटपट्टीने पडद्याच्या वरच्या भागावर चिकटवलं. मग मान वर केली. संदेश वाचताच तिच्या ध्यानात आलं. सर्व्हरचं घड्याळ इथल्या वेळेवर लावलंच नव्हतं. ते साडेपाच तास मागे होतं. त्याच्या हिशेबी अजून पहाट होती, परीक्षा सुरूच झालेली नव्हती. तिने वेळ दुरुस्त केली, सेवा पुन्हा चालू केली. भिंतीपलीकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मान खाली घालून तिने पुठ्ठा ओढून काढला, चुरगळून टोपलीत टाकला, आणि सर आत आले तेव्हा ती दाराकडे निघालेली होती.

"सर, मी पेपर बघितला नाही," ती म्हणाली.

वडजे सर हसले. "मी विचारलं का तुम्हाला?"

पेपर सोडवताना मध्येच एका प्रश्नावर तिचा हात थांबला. रांगेतल्या नोंदी उलट्या क्रमाने लावण्याबद्दलचा प्रश्न होता. हा आपण पाहिला आहे, असं तिला वाटलं. कुठे? पुस्तकात? की पुठ्ठा चिकटवताना डोळ्याच्या कडेने? असा प्रश्न तिने कित्येकदा सोडवला होता, कोणालाही आला असता. तिने उत्तर निवडलं, पुसलं, पुन्हा तेच निवडलं.

निकालात ती पहिली आली. वीरेश दुसरा.

लातूरला तिने फोन केला तेव्हा शिवप्रसाद, तिचा नवरा, डाळमिलवर होता. यंत्राच्या घरघरीत तिला सगळं दोनदा सांगावं लागलं. तो एवढा खूश झाला, की सर्व्हरचा प्रकार ऐकून म्हणाला, महादेवानंच पडदा उघडून दिला म्हणायचं. तसं नाही हो, ती म्हणाली, मी झाकून टाकला होता. बरं बरं, मी कुणाला सांगत नाही, तो म्हणाला, आणि गाडी भरायची आहे म्हणून फोन ठेवला.

सर्व्हरच्या खोलीत पेपर उघडा होता ही गोष्ट विभागात पसरली होती; लोक अभिनंदन करायला येत आणि जाताना डोळा बारीक करून हसत. राग कुणालाच नव्हता. परीक्षा विभागातल्या एक बाई तर म्हणाल्या, एवढी वर्षं राबलीस, तेवढा हक्क होताच तुझा. मंजुश्री पहिल्यापहिल्यांदा पुठ्ठ्याचं सांगू लागे. समोरचा माणूस मान डोलवे, आणि त्या डोलवण्यातच तिला कळे की पुठ्ठ्यामुळे गोष्ट आणखी रंगतदार झाली आहे. तिने सांगणं सोडलं. कामात लक्ष लागेना. लिहिलेला कोड ती पुसायची, पुन्हा तोच लिहायची. जिन्यावर दोन माणसं बोलत उभी दिसली की वळून लांबच्या जिन्याने जायची. तो उलट्या क्रमाचा प्रश्न तिला भाकरी थापताना आठवायचा, अंघोळ करताना आठवायचा.

वीरेश मात्र काही बोलला नाही. शेवटी तीच त्याला कॅंटीनच्या मागच्या कडुलिंबाखाली घेऊन गेली. तो बिलोलीचा, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. रुजू झाला त्या दिवसापासून तिला ताई म्हणायचा. चहा हातात घेऊन दोघं कट्ट्यावर बसली. ती कसं सुरू करावं याचा विचार करत होती, तर तोच बोलला.

"ताई, तुम्ही माझ्याशी नीट बोलून नाही राहिल्या. मी काही मनात धरलं नाही."

"वीरेश, ऐक. मी..."

"सांगू नका. मला बोलावलं असतं तर मी पण बघितलं असतं. कोण सोडतं? मी आईला पण सांगितलं, ताईच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं." त्याने चहाचा घोट घेतला. तो हसत होता, आणि ते हसणं खरं होतं. "तुम्ही लागल्या ते बरंच झालं. दुसरा कोणी आला असता तर माझा पुढचा आदेश निघाला असता का?"

मंजुश्रीच्या हातातला कप कलंडला. चहा साडीवर सांडला. तो पाणी आणायला धावला, आणि पाणी घेऊन येईपर्यंत तिला काय बोलायचं होतं ते सगळं निघून गेलं होतं.

शनिवारी ती लातूरच्या एसटीत बसली. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, आणि लातूर जवळ आलं. आत्याबाईंना अजून काही सांगितलेलं नव्हतं. आत्याबाई म्हणजे सासू, नीलाबाई. सासरे गेल्यापासून गंजगोलाईजवळचं किराणा दुकान त्याच चालवत. नांदेडची नोकरी त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हती. सृष्टी, मंजुश्रीची मुलगी, त्यांच्याजवळच वाढली. आता चौथीत होती. यंदा कायम झाली नाहीस तर गाशा गुंडाळून घरी यायचं, असं ठरलं होतं, आणि ते आत्याबाईंनी ठरवलं होतं.

मंजुश्री थेट दुकानावर गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. कपाळावर विभूतीचे पट्टे असलेल्या नीलाबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मंजुश्रीने पाया पडून नोकरी लागल्याचं सांगितलं.

"शिवा बोलला," नीलाबाई म्हणाल्या. सूप थांबलं नाही. "पेपर दिसला होता म्हनं तुला."

मंजुश्रीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"बघितलास का?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर तिच्याजवळ कधीचं तयार होतं, आणि आता तोंडातून बाहेर येईना. सूप थांबलं. नीलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या, गिऱ्हाईक भाव ऐकून विचारात पडलं की बघत तशा; घाई न करता.

"न्हाई," मंजुश्री म्हणाली. "पुठ्ठा लावला होता. पण आत्याबाई, लावताना एखादा शब्द दिसला असंल. दिसला का न्हाई, मला खरंच माहीत न्हाई."

"एक शब्द?"

"हाव."

"एका शब्दानं नोकरी लागती व्हय?"

मंजुश्री खाली बसली. डोळ्यांतलं पाणी तिने पदराने पुसलं नाही, वाहू दिलं. नीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्या सुपातले खडे बोटाने बाजूला काढत राहिल्या. एक बाई गूळ घ्यायला आली, तिला गूळ तोडून दिला. ती गेली.

"शाळा कशा हायेत तिकडं?" नीलाबाईंनी विचारलं.

"कुठं?"

"नांदेडला. सृष्टीसाठी." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "जूनमधी पाचवी लागती तिला. मायजवळ असावं लेकरानं. मी काय, दुकान हाय मला."

मंजुश्रीने मान वर केली. पण नीलाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं, आणि समोरून दप्तर हलवत येणाऱ्या नातीला त्या लांबूनच, नेहमीपेक्षा मोठ्याने, हाक मारत होत्या.