करिंथचा म्हातारा

अक्षताने माउसची कळ दाबली आणि करिंथ शहर तिच्या ताब्यात आलं. पडद्यावरच्या तटातून धूर निघाला, तुतारी वाजली. मागे वेताच्या खुर्चीत बसलेल्या गुलाबरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"जिंकलीस?"

"जिंकले, आजोबा. ग्रीकांचं शहर होतं. आता रोमचं, मतलब माझं."

गुलाबराव फलटणच्या एस. टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. बत्तीस वर्षं भोंग्यातून गाड्या पुकारलेला माणूस. फेब्रुवारीत त्यांची बायको इंदुमती गेली आणि एप्रिलात मुलगा राजीव त्यांना फरीदाबादला घेऊन आला. राजीव दिवसभर कारखान्यात, सून लतिका ऑफिसात. दुपारी नात शाळेतून येऊन कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढेपर्यंत त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आवाज म्हणून नसे. मग ते खुर्ची ओढून तिच्या मागे बसत. दिल्लीच्या नेहरू प्लेसहून आणलेल्या त्या खेळातलं त्यांना फारसं कळत नसे, पण नववीतल्या पोरीची बडबड ऐकायला बरी वाटे.

"ही खाली रांगेत कोण उभी आहेत?"

"शहरातले लोक. सातही अजून ग्रीकच आहेत. पण राहत राहत एकेक जण रोमन होतो. आपण तिथं मंदिर बांधलं, लायब्ररी बांधली की पटापट होतात. आणि जे नवीन जन्मतात ना, ते पहिल्यापासूनच रोमन."

"म्हणजे तुझ्यासारखे," गुलाबराव म्हणाले.

अक्षता हसली. तिचा जन्म इथलाच. 'फडताळ' म्हणजे काय, हे तिने परवाच आजोबांना विचारलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत करिंथमधले एकेक लोक पालटत गेले. कपडे बदलत, चेहरा बदले, आणि वर माउसचा बाण नेला की 'रोमन' अशी अक्षरं उमटत. शेवटी एकच ग्रीक उरला. पांढऱ्या दाढीचा, रांगेच्या टोकाला.

"हा म्हातारा काही ऐकेना वाटतं," गुलाबराव म्हणाले. थोड्या वेळाने खुर्चीतून उठत ते हळूच म्हणाले, "तो बदलला ना, की मला सांगू नकोस."

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला.

"फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला सगळे फलटणला जाऊच. तुम्ही तिघं या माघारी. मी तिथंच राहीन."

"तिथं आता कोण आहे, बाबा?" राजीवने विचारलं.

गुलाबरावांनी ताटातला भात एका बाजूला सारला, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला सारला. लतिकाने वाढायला उचललेला डाव तसाच हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आजोबा बाहेर गेलेले असताना अक्षताने करिंथ उघडलं. आधी तिथं बांधलेली लायब्ररी पाडली, मग मंदिर पाडलं. खेळाने दोन्ही वेळा विचारलं, नक्की ना? तिने दोन्ही वेळा 'हो' दाबलं. त्यानंतर त्या शहरात तिने एक वीटही रचली नाही. बाकीची शहरं वाढत गेली आणि करिंथ मागे पडलं. तो दाढीवाला मात्र ग्रीकच राहिला.

"आहे का?" आजोबा येता-जाता विचारत.

"आहे. ग्रीकच आहे."

ते मान हलवत. पण पुढे पुढे विचारणं कमी झालं. थंडी पडली तसे ते सकाळी दहालाच मफलर गुंडाळून समोरच्या पार्कात जाऊ लागले. तिथं उन्हात पत्त्यांचा डाव बसे. त्यात भाटियाजी म्हणून एक उंच, हसरे गृहस्थ होते. फाळणीत अकराव्या वर्षी ते बन्नूहून आईचं बोट धरून इथे आले, तेव्हा फरीदाबाद म्हणजे नुसते तंबू होते. एकदा अक्षता आजोबांना जेवायला बोलवायला गेली, तेव्हा भाटियाजी हातातली पानं लावत सांगत होते, "पंद्रह साल हमारी माँ ने संदूक नहीं खोला, गुलाबरावजी. कहती थी, वापस जाना है." आजोबा हातातल्या पानांकडे बघत होते. उतारी त्यांची होती, पण बराच वेळ त्यांनी पान टाकलं नाही.

जानेवारीतल्या एका धुक्याच्या दुपारी अक्षता खेळत असताना पडद्यावर एक पत्र उलगडलं. करिंथच्या लोकांनी तिचा सुभेदार हाकलून दिला होता. शहर ग्रीकांना जाऊन मिळालं होतं. ती क्षणभर बघत राहिली आणि मग धावत बाल्कनीत गेली. गुलाबराव मटार सोलत बसले होते.

"आजोबा, तो गेला परत! अख्ख्या शहरासकट आपल्या देशात गेला!"

मांडीवरचं ताट खाली ठेवून ते आत आले. पडद्याजवळ वाकून त्यांनी ते पत्र वाचल्यासारखं केलं.

"आणि बाकीचे? रोमन झालेले सहा जण?"

अक्षताने हा विचार केलाच नव्हता. "ते आता तिथले परके," ती म्हणाली.

"असं कसं झालं गं एकाएकी?"

"एकाएकी नाही. मीच लायब्ररी तोडली होती. मंदिरपण. तो बदलू नये म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "तुमच्यासाठी."

गुलाबराव खुर्चीत बसले. मटारांचा हिरवा वास असलेला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"माझं बाळ ते," ते म्हणाले. आणि मग पडद्याकडे बघत म्हणाले, "अगं, पण इतकी वर्षं त्या सहा जणांतच राहत होता ना तो. त्यांच्यात त्याचं कुणी झालं असेल की."

खालून भाटियाजींची हाक आली. गुलाबरावांनी खुंटीवरचा मफलर घेतला. "आया जी, दो मिनट!" असं त्यांनी जिन्यातून इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं.

संध्याकाळी राजीव रिझर्व्हेशनचा फॉर्म भरायला बसला. जाण्याची चार नावं लिहून त्याने परतीच्या फॉर्मवर तीन लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"चार लिही," गुलाबराव म्हणाले.

राजीवने मान वर केली.

"मार्चात भाटियाच्या नातीचं लग्न आहे. मी नसलो तर बरं दिसणार नाही."

राजीवने चौथं नाव लिहिलं. एरवी भराभर लिहिणारा तो, आज वडिलांचं नाव शाळेतल्या पोरासारखं अक्षर जपून लिहीत होता. अक्षता दारात उभी राहून बघत होती.

"लतिका," गुलाबरावांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आपल्याकडं मुलीच्या लग्नात काय देतात गं?"

"साडी देतात, नाहीतर चांदीचं काहीतरी," लतिका आतून म्हणाली. "आईंनी फलटणला शेजारच्या कुमुदच्या लग्नात करंडा नव्हता का दिला?"

"तिकडचं नव्हे गं," गुलाबराव म्हणाले. "आपल्याकडचं विचारतोय."