डाव्या सोंडेचा गणपती

"आठ दिवसांत सीडी हवीय, काका. बाबांचा पंच्याहत्तरीचा सत्कार आहे," म्हणत आमोद भाटवडेकरनं स्लाइड्सचे तीन डबे माझ्या टेबलावर ठेवले. मी एक स्लाइड उचलून ट्यूबलाइटकडं धरली आणि हात तिथंच थांबला. चौकटीवर गाव, तारीख, सगळं माझ्या अक्षरात होतं.

"सगळे फोटो बाबांनी स्वतः काढलेत," तो म्हणाला.

"हो का? वा!" मी म्हणालो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मी धोंडिबा रणपिसे. एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं फोटोग्राफर होतो. रिटायर झाल्यावर आयटीतल्या मुलीनं, सोनालीनं, स्कॅनर आणून दिला. तेव्हापासून विश्रांतवाडीतल्या घरी लोकांच्या जुन्या स्लाइड्स पुसून, बुरशी काढून, कॉम्प्युटरवर घेऊन देतो. माझ्या दारावर रणपिसे अशी पाटी आहे. आमोदनं ती वाचली असणार, पण त्याला त्या नावाचं काय? ते त्यानं घरात कधी ऐकलंच नसेल.

त्याचे वडील डॉ. श्रीधर भाटवडेकर. त्यांच्याबरोबर मी सहा वर्षं आडगावांमधली देवळं पालथी घातली. मग त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. पहिल्या पानावर छापलं होतं, 'सर्व छायाचित्रे : लेखक'. मी पुस्तक घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, माझं नाव राहिलं."

सरांनी मान वर केली नाही. "धोंडिबा, कॅमेरा संस्थेचा, फिल्म संस्थेची, नजर माझी. तू बटण दाबलंस. बटण दाबणाऱ्याचं नाव कोण छापतं?"

तीस वर्षं झाली. जेवताना आठवलं तरी घास कडू होतो माझा.

तिसऱ्या डब्यात चिंचदऱ्याचा गणपती निघाला. तिथल्या गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं की सरपटत आत जावं लागायचं. सर बाहेर पारावर उसाचा रस पीत बसले होते. मी आत पोटावर पडून, समईच्या उजेडात, श्वास रोखून तो फोटो काढला होता. पुस्तकात तो छापला नव्हता. म्हणजे ती मूर्ती सरांनी ना जागेवर पाहिली होती, ना कधी धड फोटोत.

कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये चित्राची डावी बाजू उजवी होते, आरशात दिसतं तशी. मी तो क्लिक केला. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला.

"अहो, देवाला तरी सोडा!" माझी बायको कांताबाई मागून म्हणाली.

"देव माझा नाही, फोटो माझा आहे. तू चहा टाक."

एवढ्यावर भागणार नव्हतं. चिंचदऱ्याच्या पुजाऱ्यांची मुलगी शालूताई लग्न होऊन कात्रजला आली होती. सत्काराची निमंत्रणपत्रिका मी दोन बस बदलून तिला नेऊन दिली. "तुमचा गणपती पडद्यावर दिसणार आहे, ताई. या हं नक्की."

सत्कार शनिवार पेठेतल्या सभागृहात होता. हॉल गच्च भरला होता. मी आणि कांताबाई शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर गणपती आला आणि सर खुलले.

"हा दुर्मिळ! उजव्या सोंडेचा. मी स्वतः सरपटत आत शिरलो. दर्शन झालं आणि अंगावर काटा आला हो!"

चौथ्या रांगेत शालूताई उभी राहिली. "माफ करा हं, पण आमचा गणपती डाव्या सोंडेचा आहे. लग्न होईपर्यंत रोज मीच पूजा करायचे त्याची. आपण नक्की आत गेला होतात ना?"

हॉलमध्ये खसखस पिकली. सरांचा चेहरा पडला. मला इतका आनंद झाला की मी कांताबाईचा हात घट्ट धरला. खोटं का बोलू?

सरांनी घसा खाकरला. "फोटोच उलटा निघालाय. हे फोटो काही मी काढलेले नाहीत. आमच्याकडं एक फोटोग्राफर होता, धोंडिबा रणपिसे. सगळे त्यानंच काढलेत. आता त्यालाच डावं-उजवं कळत नसेल, तर मी काय करणार?"

लोक मोठ्यानं हसले. या वेळी मला हसले. माइकवरून, भरल्या सभेत, माझं पूर्ण नाव घेतलं गेलं होतं. सगळे फोटो माझे, हेही सरांनीच कबूल केलं होतं. गप्प बसलो असतो तर डाव माझाच होता. पण पडद्यावरच्या त्या फोटोला लोक हसत होते, आणि ते काही मला बघवेना.

मी उभा राहिलो. कांताबाईनं शर्ट ओढला. आमोद स्टेजवरून डोळे ताणून बघत होता.

"सर, मी धोंडिबा," मी म्हणालो. "फोटो सरळच काढला होता. उलटा मी गेल्या आठवड्यात केला, मुद्दाम. मला हवं ते म्हणा. फोटोला नाव ठेवू नका."

हसणं थांबलं. सरांनी खिशातून चष्मा काढून लावला, पडद्याकडं वळले आणि तो गणपती बघत उभे राहिले.