एकोणीस इंच

सगुणाबाईनं पाऊस मोजायच्या बाटलीतलं पाणी मापाच्या ग्लासात ओतलं, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेघेशी आणला आणि वहीत आकडा लिहिला. घाईत एकाचा नऊ झाला. तिनं तो खोडला. मागं डाकबंगल्याच्या पायरीवर जीपचा ड्रायव्हर जयसिंग चहा पीत बसला होता. आत पुण्याचे साहेब पावसाच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा बांधून घेत होते.

"समद्या वह्या कशापायी नेत्यात?" तिनं विचारलं.

"हापिसात मशीन आलंय, बाई. विचार करतंय ते. धा वर्सांचा पाऊस धा मिनिटांत वाचतंय. अन् कुणी घरबसल्या आकडा लिवला असंल, तर तितल्या तितं वळखतंय. भोराकडं एकाची नोकरी गेली म्हनं."

जयसिंगनं बशी खाली ठेवली. सगुणाबाई उठली, पण ग्लास तिच्या हातातच राहिला.

डाकबंगल्याची राखण आणि पाऊस मोजणं ही दोन्ही कामं तिच्या नवऱ्याची, बहिरूची. पण अठ्ठावन्न सालच्या आषाढात त्याला न्यूमोनिया झाला, आणि तेव्हापासून रोज साडेआठला बाटलीशी तीच जात होती. चौथी शिकलेली होती, आकडे नीट काढायची. सात वर्षांत चुकली ती फक्त तीन दिवस. त्या आजारपणातच, बहिरूचा श्वास अडकत होता, डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि पन्नास पावलांवरच्या बाटलीपर्यंत तिला जाववलं नव्हतं. त्या तीन दिवसांचा पाऊस तिनं अंदाजानं लिहिला. चार इंच, साडेतीन, चार.

जीप गेल्यावर तिनं हे बहिरूला सांगितलं. तो बराच वेळ खोकत राहिला.

"कुनाला म्हाईत हाय?"

"मला हाय. अन् आता मशीनला व्हईल."

"गप ऱ्हा, सगुणे. खोली सरकारची हाय. ह्या वयात कुटं जायचं?"

ती पंधरा दिवस गप्प राहिली. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून दाराशी यायची. ताटात वाढलेली भाकरी तशीच वाळायची. सोळाव्या दिवशी आकडा लिहून झाल्यावर तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, खाली मुठा गावात उतरली आणि पुण्याची एसटी धरली. मशीननं पकडण्याआधी आपणच सांगावं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

कचेरीत एक लांबलचक खोली होती. दहाबारा मुली ओळीनं बसून खटाखट बटणं दाबत होत्या. दारातल्या मुलीनं तिचं बोलणं ऐकून मान वर केली.

"मुळशीकडच्या ना, मावशी? मी पौडची. बाबालाल अत्तारांची हसिना."

माहेरचं कुणी भेटल्यासारखं सगुणाबाईला वाटलं. ती स्टुलावर टेकली.

"ते विचार करनारं मशीन कुटं हाय, बाय?"

हसिनानं कपाटाएवढ्या राखाडी यंत्राकडे बोट केलं. "ते बघा. पण विचार कसला करतंय? वहीतल्या आकड्याप्रमाणे आम्ही कार्डाला भोकं पाडतो. ते भोकं मोजतं आणि बेरीज काढतं."

"मग खोटं कसं वळखतंय?"

"ओळखत नाही. आपण देऊ ते खरं धरतं."

सगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागल्याचं जाणवलं. मग तिनं आपल्या वहीची कार्डं बघायला मागितली. हसिनानं गठ्ठा काढला. ते तीन दिवस इतरांसारखेच निमूट बसले होते. एक कार्ड मात्र वेगळं होतं, त्यावर लाल पेन्सिलीची फुली.

"ह्ये का काढलं?"

"एका दिवसात एकोणीस इंच लिहिलाय. पंधराच्या वरचं कार्ड यंत्र बाजूला टाकतं. हद्द साहेबांनी ठरवलीय. इतका पाऊस पडत नाही, लिहिणाऱ्याची चूक, म्हणाले."

सगुणाबाईनं कार्ड हातात घेतलं. बहिरूनं अंथरूण धरलं त्याच दिवसाचं होतं ते. घोंगडी पांघरून ती चार वेळा बाटली रिकामी करायला गेली होती. अर्ध्या इंचाचा ग्लास अडतीस वेळा भरला होता. चुकू नये म्हणून प्रत्येक ग्लासाला एक खडा बाजूला ठेवला होता.

"ह्या बेरजेचं करत्यात काय?"

"तुमच्या ओढ्यावर पूल व्हायचाय ना? त्याची उंची यावरून काढतायत."

परतीची एसटी तीनला होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कार्ड घेऊन खोलीच्या टोकाला साहेबांच्या टेबलाशी गेली.

"साहेब, हा आकडा खरा हाय."

साहेबांनी तिला ओळखलं. "बाई, यंत्रानं बाजूला काढलाय तो."

"हद्द तुमीच घातलीया न्हवं?"

साहेबांनी चष्मा काढला. "बरं. पण तो खरा कशावरून?"

बहिरूचं खोकणं कानात घुमलं. आता गप्प राहिलं तरी कुणाला काही कळणार नव्हतं.

"ह्येच्या फुडचे तीन म्या घरात बसून लिवल्यात," ती म्हणाली. "मालक मरनाच्या दारात व्हते. ते तीन खोटे हायेत. ह्यो एक मोजलेला हाय."

मागची खटखट थांबली. हसिना मशीनवर हात ठेवून बघत राहिली होती.

"याचा अर्थ कळतो का तुम्हाला? मला हे लिहून घ्यावं लागेल."

"घ्या."

साहेबांनी कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. तारीख घातली आणि थांबले. लाल फुलीचं कार्ड जवळ ओढलं.

"त्या दिवशी ओढ्याचं पाणी कुठवर चढलं होतं?" त्यांचा आवाज उतरला होता.

"काठच्या भैरोबाच्या देवळाची चौकट अशीच हाय," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तळहात चौकटीवर ठेवला. जरा विचार केला. मग पदर खोचला, टाचा उचलल्या आणि हात आणखी वर नेला.