सागरपूजन आणि सुटलेला पट्टा

नाव हलक्या धक्क्यानेही पाण्यात उतरावी म्हणून प्रबोधने ट्रेलरला नवे रोलर बसविले होते. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर, नावा पाण्यात सोडायच्या उतारावर, त्याने नावेला ट्रेलरशी बांधणारा पट्टा सोडला आणि त्याच क्षणी त्याचे वडील अप्पा नारळ घेऊन नावेच्या मागे, पाण्याच्या कडेला, सागरपूजनास उभे राहिले. नाव त्यांच्या दिशेने सरकू लागली. प्रबोधने नावेला बांधलेला दोर दोन्ही हातांनी आवळून धरला.

"अप्पा, बाजूला व्हा!"

अप्पांचे नेत्र मिटलेले होते. मंत्र अर्ध्यावर सोडणे त्यांना ठाऊक नव्हते.

"अहो अप्पा, वरुणदेव थांबतील, नाव थांबणार नाही!" प्रबोधची पत्नी अनघा गाडीतून ओरडली.

अप्पांनी मंत्र पूर्ण केला, नारळ सागरास अर्पण केला आणि बाजूला होऊन ते शांतपणे म्हणाले, "सोड आता."

दोरावर आखडलेली प्रबोधची बोटे मात्र उघडेनात.