गाळलेल्या नोंदी

"चार आठवड्यांत डोकं आपटणं फक्त सहा वेळा?" डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "मग औषधाची घाई नको. स्वमग्नता औषधाने जात नाही. मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तरच हे देतो. गुंगी येते, वजन वाढतं. तीन महिने थांबू."

ठकूच्या आईने, माझ्या मुलीने, माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखाली शिरलेल्या ठकूकडे पाहिलं. ती खुर्चीचं चाक बोटाने फिरवत बसली होती.

वही माझी. मुलगी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि नऊ वर्षांची नात शाळेतून आली की माझ्या हवाली. औषध सुरू करा नाहीतर घरी ठेवा, असं शाळेने बजावल्यावर डॉक्टरीणबाईंनी रोजच्या नोंदी मागितल्या. घरात अक्षर चांगलं माझंच.

छापखान्यात चाळीस वर्षं मी लोकांचा मजकूर तपासला. लेखक एकच गोष्ट तीनदा सांगतो. त्यातलं दोनदाचं काढून टाकायचं. पहिल्या दिवशी लिहिलं, 'दुपारी दोनला खालचा पंप सुरू होताच ठकूने कपाळ भिंतीवर आपटलं.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. रविवारी वही स्वच्छ उतरवून काढताना मी तेच ते गाळलं आणि नवीन काही घडलेलं तेवढं ठेवलं. वही वाचायला छान झाली. सांगायला लाज वाटते, पण मला तिचं कौतुकही वाटलं होतं.

"बाबा, काल किती वेळा झालं?" मुलीने डॉक्टरीणबाईंसमोरच विचारलं.

"काल... चार."

"परवा?"

"पाच असतील."

"मग वहीत कुठं गेलं ते?"

"तेच तेच होतं गं. म्हणून..."

"तेच तेच?" ती उठून उभी राहिली. "तेच तेच होतंय म्हणूनच आलोय ना इथे! पोर काय तुमची कादंबरी आहे, कंटाळा यायला?"

"शांत व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजोबा, नव्याने चार आठवडे लिहा."

"तुम्ही वही वाचलीत, पोरीकडे एकदा तरी पाहिलंत?" मुलीने स्वतःची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत ठकूच्या दातांचे व्रण होते, काही पिवळे, काही ताजे. "मोजा. हेसुद्धा तेच तेच आहेत." मग पुन्हा माझ्याकडे वळली. "तुम्हाला औषध नकोच होतं. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून वहीत काटछाट केलीत."

औषधाची माहिती मी तीनदा वाचली होती. ही पोर कपाटाच्या काचेत स्वतःला पाहून खदखदून हसते; ते हसू गुंगीत जाईल, ही मला भीती होती. हात सवयीने चालला की भीतीने, मला आजही ठरवता येत नाही. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आवाज चढले तशी ठकू टेबलाखालून बाहेर आली आणि लोखंडी कपाटाकडे धावली. मी मध्ये हात घातला. कपाळ माझ्या बोटांवर आदळलं, पुन्हा आदळलं. असे हातावर घेतलेले मार तर मी वहीत धरलेच नव्हते, कारण कपाळ भिंतीला लागलं नव्हतं.

"आणखी चार आठवडे हा हात पुरायचा नाही!" मी ओरडलो. जन्मात दवाखान्यात ओरडलो नव्हतो. "द्या औषध. आजच द्या!"

"हेच घरी बोलायला काय झालं होतं?" मुलगीही ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी ठकूचं कपाळ तपासलं. माझी सुजलेली बोटं त्यांनी न विचारताच पाहिली. मग सगळ्यात कमी मात्रा लिहिली. आजच रक्ततपासणी, दर आठवड्याला वजन, पंधरा दिवसांनी परत. "फरक नाही पडला तर बंद करू."

औषधाच्या दुकानाच्या खिडकीपाशी मुलीने बाटली घेतली ती स्वतःच्याच पिशवीत ठेवली.

"ती पेंगली, हसली नाही, जेवली नाही, तर लिहीत बसू नका. मला फोन करा."

"गिऱ्हाईक समोर असलं तरी?"

"असलं तरी. दहा वेळा झालं तर दहा वेळा."

"बरं."

"बरं नको, बाबा. कराल का?"

"करीन."

तिचा विश्वास बसला नाही. ठकूचा हात माझ्या हातात देऊन ती रागातच चष्म्याच्या दुकानाकडे निघून गेली.