निम्म्या मात्रेचं सूर्यतेज

टिंबूलाच्या मेंढीबाजारात त्या सकाळी सगळी गर्दी ब्रदर अँब्रोज टलीच्या ट्रकभोवती होती. दहा दिवसांपूर्वी जबड्याखाली पाणी साचून पिशवीसारखी सूज लोंबणारी, चार पावलंही न चालणारी मेंढी आज फळीवर उड्या मारत होती. ब्रदरने तिची पापणी उलटून अंगात रक्त भरल्याची खूण, लालबुंद कड दाखवली, तशा टोप्या हवेत उडाल्या.

"रसायनांनी जमीन बाटवलीत तुम्ही! हे जंत म्हणजे तिचा शाप!" पिवळीधमक बाटली उन्हात धरून तो गरजला. "हे सूर्यतेज. थेंबभरच पाजा हं, जास्त झालं तर मेंढी आतून जळेल. आणि श्रद्धा हवी, श्रद्धा!"

कुंपणाशी उभ्या नोएलीनला शिसारी आली. ती जनावरांची डॉक्टर. वीस वर्षं याच पठारावर मेल्या मेंढ्यांची पोटं फाडून तिने रक्तपिते जंत चिमट्याने मोजले होते, तेव्हा तिला कधी मळमळलं नव्हतं. हा माणूस तोंड उघडायचा आणि तिला ओकारी यायची.

शेजारी एनिड रॅटक्लिफ उभी होती. तिचे पैदाशीचे चाळीस मेंढे आज लिलावाला आले होते, आणि तिचं वर्षभराचं पोट त्यांच्यावरच होतं.

"पहिल्यांदा पाजलं तेव्हा कळप कसा तरारला!" एनिड म्हणाली. "दुसऱ्यांदा निम्माच गुण आला. आता रोज एक मेंढी मरते. ब्रदर म्हणतो, माझाच विश्वास डळमळला."

"विश्वास नाही गं, जंत बदलले तुझे."

एवढं बोलून नोएलीन तरातरा ट्रकवर चढली आणि तिने खिशातून प्रयोगशाळेचा कागद काढला. "लोकहो, या सूर्यतेजात पिवळा रंग आहे, आणि आपल्या आजोबांच्या वेळचं जंताचं औषध. तेही निम्म्या मात्रेचं!"

"मग बिघडलं कुठे?" म्हातारा मर्व्ह मागून ओरडला. "औषध तर औषध! गुण आला की नाही?"

लोक खो खो हसले. टलीने हात जोडून आभाळाकडे पाहिलं.

"आला, कारण ते इथे तीस वर्षं कुणी वापरलं नव्हतं. म्हणून हा दर वेळी, जिथे हे अजून पाजलेलं नाही अशा नव्या रानातली मेंढी आणतो," नोएलीन म्हणाली. "आता ऐका. हजारो जंतांत चार-दोन असे असतात, ज्यांना ते औषध सोसायची ताकद आईबापाकडून जन्मतःच मिळालेली असते. पुरती मात्रा दिली तर त्यांतलेही बरेच मरतात. निम्मी दिली की लेचेपेचे तेवढे मरतात, चिवट उरतात, आणि त्यांची सोयरीक आपसातच होते. एकेक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. तुम्ही मेंढे निवडून पैदास करता ना? या भामट्याने तुमच्या कुरणात जंतांची निवडक पैदास केली!"

मर्व्हने टोपी काढून डोकं खाजवलं. "पण पोरी, आम्ही तर बापजाद्यांपासून नजरेनेच वजन ठरवून पाजतो."

"तीच खोड! धष्टपुष्ट मेंढीला नेहमी कमीच पडतं. शेडमधला वजनकाटा गंजतोय, आणि तुम्हाला तो वापरायची लाज वाटते. याने तुमच्या खोडीलाच देव बनवलं."

"ईर्ष्या आहे ही विज्ञानवाल्यांची!" टली किंचाळला आणि ट्रक सुरू करायला धावला. मर्व्हने आधीच किल्ली काढून घेतली होती.

एनिड नोएलीनपुढे आली. "तू पंधरवड्यापूर्वी माझ्या वीस मेंढ्यांना काट्यावर घालून पुऱ्या मात्रेत दिलंस, ते हेच औषध ना? त्याचं काय झालं?"

"काल लेंड्या तपासल्या. जंतांची अंडी होती तेवढीच," नोएलीन हळू म्हणाली. "तुझ्या रानात ते औषध आता मेलं, एनिड. तू उद्यापासून देवावर जीव ओवाळून टाकलास तरी ते परत येणार नाही."

तेवढ्यात लिलाववाल्याने पुकारा केला, "रॅटक्लिफ, चाळीस मेंढे!" गिऱ्हाइकं कठड्याशी सरकली. मेंढे खरंच देखणे होते.

एनिड कठड्यावर चढली. "घेऊ नका," ती म्हणाली. "यांच्या पोटातून ते जंत तुमच्या कुरणात येतील. मेंढ्यांचं वजन करा, मात्रा मोजून द्या, दहा दिवसांनी लेंड्या तपासून घ्या. दोनदा पाजलं मी, पण बाटलीत काय आहे, हे एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारा."